रँगल बेटावर नेलेले आणि न नेलेले सामान (१९२१–१९२३)

१/
९ सप्टेंबर १९२१. अलास्कातील नोम बंदरातून 'सिल्व्हर वेव्ह' नावाचे एक लहान जहाज निघाले. जहाजावर चार तरुण, एक तरुणी आणि 'व्हिक' नावाची एक मांजर होती. सोबत तंबू, बंदुका, सापळे, स्लेज ओढणारे कुत्रे आणि सहा महिने पुरेल इतकी शिधासामग्री. त्यांना जायचे होते सैबेरियाच्या उत्तरेस, आर्क्टिक महासागरातील रँगल बेटावर. दोन वर्षांनी या पाच जणांपैकी एकच माणूस जिवंत परतला: ती तरुणी. तिच्यासोबत मांजरही परतली.

२/
हा धागा त्या मोहिमेच्या सामानाच्या यादीविषयी आहे. गडावर दोन रात्रींचा मुक्काम असला तरी पाठपिशवीत काय भरावे यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होते. जिथे जहाज वर्षातून जेमतेम एकदा पोहोचू शकते अशा बेटावर हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. इतिहासाच्या पुस्तकांत मोहिमांचे नकाशे असतात, नायकांची छायाचित्रे असतात. सामानाच्या याद्या परिशिष्टात जातात. परंतु कोणती वस्तू आवश्यक मानली गेली, कोणती महाग वाटली, कोणाचे कौशल्य गृहीत धरले गेले, हे त्या यादीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

३/
प्रथम बेटाची ओळख. रँगल बेट सैबेरियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटर उत्तरेस आहे. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर. १८० वे रेखावृत्त या बेटावरूनच जाते. झाड नाही. वर्षातील बहुतेक काळ भोवतीचा समुद्र गोठलेला किंवा बर्फाच्या तुकड्यांनी भरलेला असतो. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही. सरपण म्हणून मिळते ते समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले लाकूड. सोबतीला ध्रुवीय अस्वले, वॉलरस, सील, ध्रुवीय कोल्हे आणि उन्हाळ्यात येणारे असंख्य पक्षी.

४/
हे नाव फर्डिनांड फॉन रँगल या रशियन नौदल अधिकाऱ्याचे. उत्तरेस भूमी आहे, हे त्याला किनाऱ्यावरील चुकची लोकांकडून समजले होते. १८२० च्या दशकाच्या आरंभी त्याने तिचा शोध घेतला. त्याला ती सापडली नाही. १८६७ मध्ये थॉमस लाँग या अमेरिकन व्हेलशिकारी कप्तानाने ती पाहिली आणि रँगलचे नाव दिले. १८८१ मध्ये 'कॉर्विन' या अमेरिकन जहाजावरील मंडळी बेटावर उतरली. परंतु तिथे दीर्घकाळ राहण्याचा प्रसंग कोणावर स्वेच्छेने आलाच नाही. तो आला १९१४ मध्ये, एका जहाजफुटीमुळे.

५/
त्या जहाजाचे नाव 'कारलुक'. १९१३ च्या कॅनेडियन आर्क्टिक मोहिमेचे हे प्रमुख जहाज. मोहिमेचा नेता व्हिलियाल्मर स्टेफान्सन. जहाज बर्फात अडकले, तेव्हा स्टेफान्सन काही साथीदारांसह शिकारीसाठी खाली उतरला. त्यानंतर वादळाने बर्फासकट जहाज पश्चिमेकडे वाहून नेले. जानेवारी १९१४ मध्ये बर्फाच्या दाबाने ते फुटून बुडाले. २५ माणसे गोठलेल्या समुद्रावर उरली. त्यांपैकी ८ जण बर्फावरच नाहीसे झाले. १७ जण रँगल बेटावर पोहोचले.

६/
कप्तान रॉबर्ट बार्टलेट मदत आणण्यासाठी बेटावरून निघाला. सोबत एकच माणूस: काताकतोविक हा इनुपियात शिकारी. दोघे बर्फावरून सैबेरियात आणि पुढे किनाऱ्याने पूर्वेकडे, असे सुमारे ११०० किलोमीटर गेले. बेटावर मागे राहिलेल्यांत कुरालुक हा इनुपियात शिकारी, त्याची पत्नी किरुक आणि त्यांच्या दोन लहान मुली होत्या. कुरालुक शिकार करी. किरुक कातडी शिवून कपडे व पादत्राणे करी. सप्टेंबर १९१४ मध्ये बचावजहाज आले, तेव्हा बेटावर १२ जण जिवंत होते. त्या चौघांचे कुटुंब त्यांत होते.

७/
याच अनुभवातून सामानाविषयी एक धडा मिळाला होता. कारलुकच्या लोकांकडे पेमिकन होते. पेमिकन म्हणजे वाळवलेले मांस व चरबी यांची दाबून केलेली वडी. ध्रुवीय प्रवासाचे ते नावाजलेले अन्न. तरीही बेटावर लोकांचे पाय सुजले, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, आणि पेमिकनच्या निकृष्ट दर्जाकडे बोट दाखवले गेले. ज्यांना ताजे मांस मिळाले ते तगले. ताजे मांस मिळाले ते शिकाऱ्यामुळे, आणि बर्फावर तासन्‌तास उभा राहून शिकार करणे शक्य झाले ते शिवणाऱ्या हातांमुळे. या १२ जणांत फ्रेड मॉरर नावाचा तरुण होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे.

८/
स्टेफान्सनने मात्र वेगळा निष्कर्ष काढला. जहाजापासून तुटल्यावर त्याने आर्क्टिकमध्ये अनेक वर्षे शिकारीवर काढली होती. १९२१ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच आर्क्टिकला 'मित्र' म्हटले होते. प्रतिपादन असे: उत्तर ध्रुवाकडील प्रदेश उजाड नाही, बंदूक चालवता येणाऱ्या समंजस माणसाला तिथे अन्न, इंधन व निवारा मिळतो, तेव्हा अवजड शिधा वाहून नेण्याची गरज नाही. यात तथ्य होते. पण स्टेफान्सनने हे आयुष्य ज्यांच्याकडून शिकले आणि ज्यांच्या सोबतीने जगले, त्या इनुपियात लोकांचा वाटा या सूत्रात पुसट झाला.

९/
पुढची योजना राजकीय होती. रँगल बेट ब्रिटिश साम्राज्यासाठी, पर्यायाने कॅनडासाठी, ताब्यात घ्यावे. पुढे तिथे हवाईमार्गाचा तळ होईल, असे स्टेफान्सनचे मत होते. सरकार उत्साही नव्हते. म्हणून त्याने खासगी कंपनी काढली आणि एक तुकडी धाडली. तो स्वतः गेला नाही. दाव्यासाठी ब्रिटिश प्रजाजन हवा, म्हणून टोरांटो विद्यापीठातील २० वर्षांचा विद्यार्थी ॲलन क्रॉफर्ड नामधारी प्रमुख झाला. उरलेले तिघे अमेरिकन: लॉर्न नाइट, मिल्टन गॅल आणि कारलुकचा तो फ्रेड मॉरर. नाइट व मॉरर यांना आर्क्टिकचा अनुभव होता. क्रॉफर्ड व गॅल यांना मुळीच नव्हता.

१०/
आता यादी. पहिली बाब शिधा. तो सहा महिन्यांचा घेतला गेला. पुढील उन्हाळ्यात जहाज येईल आणि मधली तूट शिकारीने भरून निघेल, असा हिशोब. या हिशोबात दोन गृहीतके होती: पहिले, समुद्र ठरल्या वेळी मोकळा होईल, दुसरे, शिकार दरवर्षी सारखी मिळेल. दोन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या नव्हत्या. कारलुकला बर्फाने गिळले त्याला सातच वर्षे झाली होती, आणि त्या बर्फावरून चालत आलेला माणूस याच तुकडीत होता. तरीही यादीत दुसऱ्या हिवाळ्यासाठी ओळ नव्हती.

११/
दुसरी बाब कपडे. या प्रदेशात लोकरीचा कोट पुरेसा ठरत नाही. घाम लोकरीत मुरतो, गोठतो आणि कपडा जड व थंड होतो. इनुपियात लोकांचा पोशाख कॅरिबू किंवा रेनडिअरच्या कातड्याचा. या प्राण्याचे केस आतून पोकळ असतात. त्यांत हवा कोंडून राहते आणि ऊब टिकते. कडक थंडीत दोन पदर घालतात: आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव बाहेर. टोपीच्या कडेला वुल्व्हरीनची लव लावतात, कारण श्वासाचे दव तिच्यावर गोठले तरी झटकता येते. असा पोशाख दुकानात मिळत नसे. तो अंगाच्या मापाने शिवावा लागे आणि हिवाळाभर दुरुस्त करावा लागे.

१२/
शिवणकामाचे मर्म टाक्यात होते. सुताच्या दोऱ्याऐवजी प्राण्याच्या स्नायूपासून काढलेली तात वापरत; ती ओली झाली की फुगते आणि सुईचे छिद्र बुजवते. बुटाचा तळ सीलच्या जाड कातड्याचा असे आणि त्याला चुण्या घालताना कातडे दातांनी चावून मऊ करावे लागे. एक टाका सैल पडला तर पाणी आत शिरते. पाय भिजला तर तो गोठतो. पाय गोठला तर शिकारी जायबंदी होतो. किरुकचे काम कारलुकच्या लोकांना का तारक ठरले, ते यावरून कळते. तुकडीने शिवणारी माणसे सोबत नेण्याचे ठरवले, हा या यादीतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

१३/
ठरले असे की अलास्कातून इनुपियात कुटुंबे सोबत घ्यायची: पुरुष शिकार करतील, स्त्रिया शिवतील व रांधतील. ऐनवेळी कुटुंबे आली नाहीत. आली ती एकटी एडा ब्लॅकजॅक, वय २३. तिचे बालपण मिशनऱ्यांच्या शाळेत गेले होते. तिला इंग्रजी, स्वयंपाक आणि शिवण येत होते. शिकार, सापळे किंवा बर्फावरचा मुक्काम तिला कोणी शिकवलाच नव्हता. नवऱ्याने सोडले होते, दोन मुले दगावली होती, आणि उरलेल्या बेनेटला क्षय झाला होता. त्याच्या उपचारासाठी पैसे नव्हते म्हणून त्याला अनाथालयात ठेवावे लागले. मोहिमेने देऊ केले दरमहा ५० डॉलर. ती याच रकमेसाठी गेली.

१४/
तिसरी बाब होडी. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरील लोकांची होडी म्हणजे उमियाक: वाहून आलेल्या लाकडांचा बांधून केलेला सांगाडा आणि त्यावर वॉलरसचे किंवा मोठ्या सीलचे ताणलेले कातडे. ती मोठा भार वाहते, तरी काही माणसे तिला उचलून बर्फावरून नेऊ शकतात. बर्फाचा तुकडा आदळला तर लाकडी फळी तडकते, कातडे लवते. फाटलेच तर सुई-दोऱ्याने शिवता येते. मोहिमेचा उमियाक घेण्याचा विचार होता. सौदा पार पडला नाही आणि तुकडी तिच्यावाचूनच बेटावर उतरली.

१५/
होडी नसणे म्हणजे केवळ प्रवासाची अडचण नव्हे. वॉलरस आणि सील यांची शिकार पाण्याच्या कडेला होते. गोळी लागलेला प्राणी पाण्यात पडतो किंवा दूरच्या तरंगत्या बर्फावर राहतो. तो आणायला होडी लागते. पूर्ण वाढलेल्या नर वॉलरसचे वजन हजार किलोच्या वर जाऊ शकते. उन्हाळ्यात असे काही प्राणी मिळाले तर पाच माणसांचा व कुत्र्यांचा हिवाळा निघतो. म्हणजे यादीतून एक होडी गळली तेव्हा तिच्यासोबत पुढच्या हिवाळ्याचे मांस, दिव्याची चरबी आणि कुत्र्यांचे अन्नही गळले. स्टेफान्सननेही पुढे या उणिवेला मोठे महत्त्व दिले.

१६/
यादी मालकाचे मन दाखवते, याचे आणखी एक उदाहरण उत्तर कॅनडातील किंग विल्यम बेटाचे. १८४५ मध्ये निघालेल्या जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेतील सर्व १२९ जण मरण पावले. १८५९ मध्ये त्या बेटावर त्यांची स्लेजवर चढवलेली एक अवजड होडी सापडली. तिच्यात दोन सांगाडे, आणि चांदीचे चमचे, पुस्तके, साबण, सपाता असे सामान. याच बेटावर १९०३ पासून रोआल्ड आमुंडसेनने दोन हिवाळे काढले. त्याने नेट्सिलिक लोकांकडून लवेचे कपडे, स्लेज व बर्फाची घरे यांचे तंत्र शिकून घेतले. त्याची तुकडी सुखरूप बाहेर पडली, आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर जाताना ती शिकवण त्याच्या अंगावर होती.

१७/
पुन्हा रँगलकडे. सप्टेंबर १९२१ च्या मध्यास तुकडी उतरली, ध्वज उभारला गेला, बेटावर ब्रिटिश राजाच्या नावे हक्क सांगितला गेला. तंबू उभे राहिले. पहिला हिवाळा बरा गेला, शिकार मिळाली. एडासाठी मात्र तो काळ कठीण होता. चार अनोळखी पुरुषांत ती एकटी स्त्री, मनात आजारी मुलगा आणि अस्वलांची तीव्र भीती. तिने काम करणे थांबवले तेव्हा तिला समजून घेण्याऐवजी शिक्षा केल्याच्या नोंदी पुरुषांच्याच दैनंदिनीत आहेत. नंतर ती सावरली आणि शिवू लागली. तिने शिवलेले कपडे घालूनच ते चौघे बाहेर जात.

१८/
१९२२ च्या उन्हाळ्यात सर्वांचे डोळे समुद्राकडे लागले. जोसेफ बर्नार्ड या कप्तानाचे 'टेडी बेअर' हे जहाज शिधा घेऊन निघालेही होते. पण बर्फाने वाट अडवली आणि त्याला परत फिरावे लागले. बेटावर हे कोणालाच ठाऊक नव्हते. संदेश पाठवण्याचे वा मिळवण्याचे साधन नव्हते. त्या वर्षी शिकारही कमी मिळाली. म्हणजे दोन्ही गृहीतके एकाच ऋतूत कोसळली. सहा महिन्यांच्या शिध्यावर दुसरा हिवाळा सुरू झाला.

१९/
जानेवारी १९२३ मध्ये क्रॉफर्ड व नाइट बर्फावरून सैबेरियाकडे निघाले. नाइटची प्रकृती ढासळली आणि दोघे परतले. त्याला स्कर्व्ही झाला होता. २८ जानेवारीस क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅल निघाले. मॉररला बार्टलेटचा १९१४ मधील प्रवास ठाऊक होता. परंतु बार्टलेटच्या सोबत काताकतोविक होता: फिरत्या बर्फाचे स्वरूप जाणणारा, वाटेत शिकार करू शकणारा माणूस. या तिघांत तसा कोणी नव्हता. ते पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. त्यांचे अवशेषही सापडले नाहीत.

२०/
तळावर उरले दोघे: अंथरुणाला खिळलेला नाइट आणि एडा. स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. त्या जीवनसत्त्वाची रासायनिक ओळख १९३० च्या दशकात पटली. पण ताज्या, कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसाने तो बरा होतो, हे आर्क्टिकमधील लोकांना अनुभवाने माहीत होते. नाइटलाही माहीत होते. १९१७ मध्ये स्टेफान्सनच्या मोहिमेत असताना त्याला तो झाला होता आणि मांसाने बरा झाला होता. आता मात्र दुष्टचक्र होते: मांस नाही म्हणून शिकारी आजारी, आणि शिकारी आजारी म्हणून मांस नाही.

२१/
हे चक्र जिने काही महिने थोपवून धरले, तिला कामावर घेतले होते केवळ सुईसाठी. एडाने सापळे लावायला स्वतःच शिकून घेतले आणि कोल्हे पकडले. लाकडे तोडली, वाहिली. बंदुकीचा धाक वाटत असूनही नेमबाजीचा सराव केला. रोग्याची शुश्रूषा केली आणि त्याचे कडवट बोलणे सोसले. तिने दैनंदिनी लिहायला सुरुवात केली. तिचे इंग्रजी मोडके होते, पण नोंदी नेमक्या आहेत: आज काय मिळाले, काय शिवले, हवा कशी होती. आपले बरेवाईट झाल्यास बेनेटचा सांभाळ आपल्या बहिणीने करावा, हेही तिने लिहून ठेवले.

२२/
२३ जून १९२३ रोजी नाइट मरण पावला. गॅलने मागे ठेवलेल्या टंकलेखन यंत्रावर एडाने त्या मृत्यूची नोंद टंकित केली. मृतदेह उचलून पुरण्याइतके बळ तिच्यात नव्हते. त्याला झोपण्याच्या पिशवीत तसेच ठेवून, प्राणी शिरू नयेत म्हणून तिने भोवती खोकी रचली आणि ती सामानाच्या तंबूत राहायला गेली. त्या तंबूला तिने लाकडांचा आधार दिला, खोक्यांची फडताळे केली, बंदूक हाताशी राहील अशी जागा केली. अस्वले दुरून दिसावीत म्हणून वर एक मचाण बांधले.

२३/
पुढचे सुमारे आठ आठवडे त्या बेटावर ती आणि मांजर, एवढेच होते. उन्हाळा आला, पक्षी आले. तिने पक्षी मारले, अंडी गोळा केली, सील मारले. स्वतःसाठी लवेचा पार्का शिवला. मागे राहिलेला कॅमेरा हाताळून स्वतःची छायाचित्रेही घेतली. आणि तिने एक लहान होडी बनवली: वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर ताणलेले आच्छादन. १९२१ मध्ये जी वस्तू यादीतून गळली होती, तिची छोटी आवृत्ती यादीतील सर्वांत कमी महत्त्वाच्या मानलेल्या व्यक्तीने स्वतःच्या हातांनी तयार केली.

२४/
ऑगस्ट १९२३ च्या तिसऱ्या आठवड्यात 'डोनाल्डसन' हे जहाज बेटावर पोहोचले. त्याचा प्रमुख हॅरल्ड नॉइस. किनाऱ्यावर चार तरुण शोधायला आलेल्या लोकांना लवेच्या पार्क्यातील एडा भेटली. वृत्तपत्रांनी तिला 'स्त्री रॉबिन्सन क्रूसो' म्हटले. ही उपमा तिच्यावर अन्याय करणारी होती. क्रूसोला बुडालेल्या जहाजातील सामान मिळाले होते. एडाच्या वाट्याला आले ते इतरांनी चुकीच्या हिशोबाने निवडलेले सामान, आणि त्या चुकीची जबाबदारी.

२५/
कारण लवकरच तिच्यावर आरोप झाला: तिने नाइटची नीट काळजी घेतली नाही. आरोप नॉइसने पसरवला. नाइटच्या आई-वडिलांनी एडाची बाजू घेतली. १९२५ मध्ये स्टेफान्सनचे रँगलच्या साहसावरचे पुस्तक निघाले. व्याख्याने, लेख, पुस्तके यांतून या कथेने इतरांना कीर्ती व पैसा दिला. एडाच्या हाती आले ते तुटपुंजे वेतन. त्यातून तिने बेनेटला उपचारासाठी सिअ‍ॅटलला नेले. तिचे पुढचे आयुष्य बहुतांशी गरिबीत गेले. बेनेट १९७२ मध्ये वारला. एडा १९८३ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी.

२६/
बेटाचे पुढे काय झाले? १९२३ मध्ये नॉइसने तिथे चार्ल्स वेल्स व अलास्कातील १२ इनुपियात यांना ठेवले. त्यांत शिकारी होते, स्त्रिया होत्या, मुले होती. या तुकडीने हिवाळा काढला; १९२४ मध्ये 'क्रास्नी ओक्त्याब्र' या सोव्हिएत जहाजाने त्यांना ताब्यात घेऊन नेले. १९२६ मध्ये गिओर्गी उशाकोव्हच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत वसाहत झाली आणि ती टिकली. तिचे बहुतेक रहिवासी चुकोत्का किनाऱ्यावरील एस्किमो व चुकची कुटुंबे होती. बेट तेच, बर्फही तेच. फरक होता तो सोबत आलेल्या माणसांत.

२७/
१९२१ च्या यादीत बंदुका होत्या, तंबू होते, टंकलेखन यंत्र होते, कॅमेरा होता, ध्वजही होता. यांतील एकही वस्तू निरुपयोगी नव्हती. पण दुर्गम जागी वस्तूंची खरी परीक्षा त्या मोडल्यावर, संपल्यावर किंवा मुळात नसल्यावर होते. तेव्हा उपयोगी पडते ते तिथल्याच सामग्रीतून नवे घडवण्याचे आणि जुने सांधण्याचे ज्ञान. स्टेफान्सनच्या सूत्रात हे ज्ञान 'मैत्रीपूर्ण' निसर्गाच्या खात्यावर जमा झाले होते. प्रत्यक्षात ते किरुकच्या, कुरालुकच्या, काताकतोविकच्या खात्यावरचे होते. एडाकडे त्यातले थोडेच होते. उरलेले तिने त्या बेटावर, दोन वर्षांत, मुलाकडे परतण्याच्या ओढीने कमावले.

२८/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मोहिमेचा इतिहास वाचताना नायकाच्या छायाचित्रानंतर परिशिष्टही उघडावे. सामानाच्या यादीत पगारी माणसांची नावे कुठे आहेत, ती आहेत की नाहीत, आणि त्यांच्यापुढे कोणता आकडा लिहिला आहे, हे पाहावे. रँगलच्या यादीत तो आकडा दरमहा ५० डॉलर होता.

(धागा समाप्त)